एस म्हणजे दक्षिण

माझ्या नवऱ्याचं अक्षर आमच्या ऑफिसात अजून कामाला आहे. नवरा ऑक्टोबरात गेला. अक्षर मात्र रोज सकाळी माझ्या आधी हजर असतं.

त्याचं असं आहे. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा माझ्या नवऱ्याने, रेइनोने, डोकं धरलं होतं. आम्ही आर्किटेक्ट लोक शिकलो त्या काळी नकाशावरचं अक्षर हाताने घोटवून घेत, आणि रेइनोचं अक्षर तर असं होतं की कंत्राटदार काम संपल्यावरही नकाशा भिंतीवरून काढत नसत. ते जाऊन तिथे छापील अक्षरं येणार म्हटल्यावर तो आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही. शेवटी गस प्रेबिच वैतागला. गस म्हणजे आमचा तिसरा भागीदार. त्याने रेइनोकडून एका कागदावर सगळी मुळाक्षरं आणि आकडे लिहून घेतले आणि कुठून तरी त्यांचा फॉन्ट करून आणला.

"हे घे तुझं अक्षर," गस म्हणाला. "आता कामाला लाग बाबा."

तेव्हापासून आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या नकाशावर जे काही लिहिलेलं असतं ते रेइनोच्या अक्षरात असतं, टाइप कुणीही केलेलं असो. 'इथे पाण्याचा उतार द्यावा.' 'टॉयलेट पेपरची कडी उजव्या हाताला.' माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या अक्षरात मी दिवसभर हे वाचत बसते. अंत्यविधीनंतर मी कामावर परतले त्या सकाळी गस माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळला.

"सिग्नी, फॉन्ट बदलू का गं?"

"का? नीट वाचता येतो की."

"नाही, म्हणजे... तुला त्रास होत असेल."

"मला काहीही होत नाहीये," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. मला काहीही होत नव्हतं. लोकांनी आणून दिलेल्या बटाटा-खिम्याच्या हॉटडिशने फ्रीझर भरला होता, मी रोज एक चौकोन कापून गरम करून खात होते, आणि तो साठा नाताळ उलटून गेल्यावर संपला तेव्हा कळलं की त्यातल्या एकाचीही चव मला आठवत नाही. माझी बहीण टूसॉनहून फोन करून सारखी रडायची. मी तिची समजूत घालायची. तिचं एकच पालुपद, डलुथचं ते थंडगार घर विक आणि माझ्याकडे ये. शेवटी मी हो म्हणून टाकलं. जायचं मनात होतं म्हणून नव्हे, नाही म्हणायला जो जोर लागतो तो माझ्यात नव्हता म्हणून. हातात रेइनोचं एक काम अर्धवट होतं. तेवढं संपवायचं, आपला शिक्का गसच्या ड्रॉवरमध्ये टाकायचा आणि निघायचं, असं ठरलं.

आमच्या पाटीवर 'अर्वोला, अर्वोला आणि प्रेबिच' असं आहे. उभा जन्म लोक मला विचारत आले, दुसरा अर्वोला कोण, रेइनोचा भाऊ का? नाही हो, ती मी. परवाना मला त्याच्या आधी मिळाला होता, पण हे कुणाकुणाला सांगत बसायचं. रेइनो इमारती सुचवायचा, बक्षिसं घ्यायला टाय लावून जायचा. मी दारं, जिने, संडास आणि गळणारी छपरं बघायची. तक्रार नाही. छप्पर गळलं नाही तर त्याचं कौतुक कुणी करत नाही, हे या धंद्यात पाऊल टाकतानाच कळतं. त्याने काढायचं आणि मी तपासायचं अशी आमची वाटणी होती. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिच्यात तसं लिहिलेलंही असतं. काढलं: आर. तपासलं: एस. कोपऱ्यातला एस म्हणजे मी. बाकी कागदावर कुठेही एस असला तर तो साउथ, म्हणजे दक्षिण. शाळेतली पोरंही यात चुकणार नाहीत.

तपासायची आमची पद्धतही ठरलेली होती. नकाशा कागदावर छापायचा. दुरुस्ती असेल ती लाल पेन्सिलीने लिहायची, ती गस कॉम्प्युटरवर उतरवणार. साध्या शिसपेन्सिलीने लिहिलेलं मात्र उतरवायचं नाही, ते आमचं आपापसातलं बोलणं. रेइनोला तोंडाने बोलायचा कंटाळा. शेजारच्या टेबलावर बसून तो मला नकाशाच्या समासात लिहून विचारायचा, 'एस, हा जिना फार ऐटीत नाही ना वाटत?' मी खाली लिहायची, 'वाटतो. आणि पैसे कोण देणार?' मला एखादी गोष्ट पटली तर मी तिच्यावरून पिवळ्या पेन्सिलीची रेघ ओढायची. पिवळी रेघ पडली की विषय संपला. न पटलेल्यावर काट. माझ्या काटा जास्त असत, हे कबूल.

रेइनोचं ते शेवटचं काम म्हणजे लिटल पाइन गावची सार्वजनिक सौना, गावाने मिळून वाफेची आंघोळ करायची जागा. डलुथहून सरोवराच्या काठाने उत्तरेला गेलं की हे गाव लागतं, निम्मी वस्ती फिनिश. जुनी सौना जळून गेल्यापासून तिथली म्हातारी माणसं एकमेकांच्या तळघरात आंघोळीला जात होती आणि त्यावरून भांडत होती. रेइनोने या कामाचा इतका ध्यास घेतला होता की घरी जेवतानाही सौनाच. आत तापायची खोली, बाहेर सरोवरासमोर लांब पडवी, आणि तापून बाहेर आलेल्या माणसाने निवांत बसून वाफ जिरवावी म्हणून पडवीच्या दोन टोकांना दोन बाकं. एक उत्तरेला, एक दक्षिणेला. दोन्हींचं तोंड पाण्याकडे.

नकाशे कंत्राटदारांकडे जायचा आठवडा आणि रेइनो गेला तो आठवडा एकच निघाला. हार्डवेअरच्या दुकानात बिजागऱ्या निवडता निवडता तो खाली बसला, तो उठला नाही. मी घरी माणसांना कॉफी देत होते. गसने एकट्याने ऑफिसात बसून रेइनोच्या टेबलावरचे कागद स्कॅन केले, त्यावरचं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवलं आणि वेळेत पाठवून दिलं. त्या कागदांच्या कोपऱ्यातही 'तपासलं: एस.' छापलेलं आहे, कारण ते आपोआप छापलं जातं. मी त्यातलं काहीही तपासलेलं नव्हतं.

जूनमध्ये लिटल पाइनहून लाइलचा फोन आला. लाइल म्हणजे कंत्राटदाराचा मुकादम, शांत माणूस, बोलताना मधेच थांबतो आणि आपल्याला वाटतं फोन कटला.

"अर्वोलाबाई, जरा येऊन जाता का? बाकांवरून इथे गोंधळ झालाय."

"कसला गोंधळ?"

"व्हर्ना कांगास आल्या होत्या. त्या म्हणतात दोन बाकं वर-खाली झालीत. नकाशात तसंच आहे, असं मी सांगितलं. त्यांना पटत नाही."

व्हर्ना कांगास गावच्या कौन्सिलवर आहे. तिला जगात काहीच पटत नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि गस गाडीने निघालो. वाटेत गसने दोन पेस्टी घेतल्या, खिमा-बटाट्याच्या, गरम. माझी माझ्या मांडीवर गार झाली.

"तिथे 'एस. बाक तीन इंच खाली' असं लिहिलंय," गस गाडी चालवता चालवता म्हणाला. "मी काल उघडून बघितलं. म्हणजे दक्षिणेचं बाक. त्याने का केलं असेल?"

"मला काय माहीत?"

"तुला कधी बोलला नाही?"

"तो कधी बोलायचा? लिहायचा."

"वारा असेल," गस म्हणाला. "दक्षिणेच्या टोकाला वारा जास्त. खाली बसलं की कमी लागतो."

"तीन इंचाने?"

"मग नजर असेल. तिथून क्षितिज वेगळं दिसत असेल. तुला माहितीये तो कसा होता."

मला माहीत होतं तो कसा होता. क्षितिजासाठी तीन इंच हलवणारा माणूस तो होताच. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. सरोवरावर धुकं होतं आणि मला त्या बाकात काडीचा रस नव्हता.

साइटवर व्हर्ना आमची वाट बघत उभी होती. जूनमध्येही अंगात जाड कोट, हातात मोजायची टेप.

"या," ती म्हणाली. "रेइनोचं फार वाईट झालं, सिग्नी. मी अंत्यविधीला आले होते, तुला आठवत नसेल. पण हे काय आहे ते मला सांग. लोक म्हणतील कौन्सिलने दारुडा सुतार लावला."

"सुतार मीच आहे," लाइल म्हणाला.

"तेच तर म्हणते."

मी पडवीवर चढले. काम उत्तम होतं. देवदाराच्या फळ्या, सांधे इतके घट्ट की नख शिरू नये. रेइनो असता तर हात फिरवत राहिला असता. मी उत्तरेचं बाक पाहिलं, दक्षिणेचं पाहिलं. दक्षिणेचं खाली होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं.

"काही खास कारण आहे का?" व्हर्नाने विचारलं.

गसने वारा आणि क्षितिज दोन्ही सांगून टाकलं. त्याने क्षितिजासाठी हातही हवेत फिरवला. व्हर्नाने ते सगळं तोंड न हलवता ऐकून घेतलं.

"गस, माझे गुडघे गेलेत," ती म्हणाली. "मी त्या बाकावर बसले तर मला उठवायला अग्निशमन दल बोलवावं लागेल. क्षितिजाचं काय करू मी?"

"तुमच्यासाठी उत्तरेचं आहे ना," लाइल म्हणाला. "ते नेहमीच्या उंचीचं आहे. इन्स्पेक्टर काल येऊन गेला, एक बाक ठरलेल्या उंचीचं असलं की त्याला चालतं."

"मला नाही चालत. दोन्ही सारखी करा. सिग्नी, तू सांग याला."

तिघंही माझ्याकडे बघू लागले. मी रेइनोचा विचार करून पाहिला, त्याला काय हवं असेल, हे वाकडं बाक त्याची काही मोठी कल्पना असेल का. डोक्यात काहीच आलं नाही. इतक्या महिन्यांत तिथे काही येतच नव्हतं, गेलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवावी तसं. मला फक्त घरी जाऊन पडायचं होतं.

"उचलून घे, लाइल," मी म्हटलं. "सारखी करून टाक."

"नक्की?"

"हो. दक्षिण तीन इंच वर. मी लिहून देते."

"सिग्नी," गस हळूच म्हणाला, "त्याचं शेवटचं काम आहे. तू म्हणाली होतीस त्याने काढलंय तसंच करायचं."

"तर मग तू सांग तीन इंच का खाली घेतलंय. मला नाही माहीत. ज्याचं कारण आपल्याला सांगता येत नाही ते गावाच्या पैशाने कशाला बांधायचं?"

हे असं मी रेइनोला हजार वेळा म्हटलेलं होतं. लाइल हत्यारं आणायला गेला, व्हर्ना जिंकल्यासारखी टेप गुंडाळू लागली. गसने गाडीतून त्या भागाचा छापलेला नकाशा आणला. बदल त्यावरच लिहून सही करून द्यायची होती. कागद धरायला मांडी हवी म्हणून मी बाकावर बसले, दक्षिणेच्याच, ते जवळ होतं. नकाशा गुडघ्यावर पसरला. त्यावर रेइनोच्या अक्षरात ती ओळ होती आणि तिचा बाण बाकावर टेकवलेला होता. लाइलने पलीकडच्या टोकाला वाकून पहिला स्क्रू सोडवायला घेतला.

आता एक सांगायला हवं. मी फार बुटकी आहे. आमच्या धंद्यात मापांची जाडजूड पुस्तकं असतात, त्यात एक सरासरी माणूस काढलेला असतो, आणि जगातली प्रत्येक खुर्ची, बाक, ओटा त्याच्या हिशेबाने बनतो. तो माणूस माझ्या कधी ओळखीचा नव्हता. चर्चमध्ये, विमानतळावर, दवाखान्यात, आम्ही स्वतः बांधलेल्या कोर्टाच्या आवारातसुद्धा मी बसले की माझे पाय लोंबकळतात. थोड्या वेळाने मुंग्या येतात. घरच्या सौनात रेइनो न बोलता लाकडी बादली उलटी करून माझ्या पायाखाली सरकवायचा. चाळीस वर्षं ती बादली माझ्या पायाखाली होती. आता तिची इतकी सवय झालेली की कुठेही बसताना मी आधी कशावर पाय ठेवू ते शोधते.

त्या दिवशी मी शोधलं नाही. कागदावर पेन टेकवलं आणि लक्षात आलं की गुडघा हलत नाहीये. मी खाली पाहिलं. माझे दोन्ही बूट फळ्यांवर होते. टाचांसकट.

मी परत ती ओळ वाचली. 'एस. बाक तीन इंच खाली.' एसच्या पुढे टिंब होतं. आणि मला कळलं की ते टिंब नाही. मूळ कागदावर तो स्वल्पविराम होता, शिसपेन्सिलीचा, फिक्कट, स्कॅनमध्ये त्याची शेपटी गेली. लाल आणि काळं दोन्ही स्कॅनमध्ये एकसारखंच आलं. गसला आदेश वाटला तो आदेश नव्हताच. रेइनो मला विचारत होता. एस, बाक तीन इंच खाली?

तपासणारी मी. मी तो कागद पाहिला असता तर काट मारली असती, आणि खाली लिहिलं असतं, 'माझ्या एकटीसाठी? पैसे गावाचे आहेत, वेडा आहेस का.' तो हसला असता आणि विषय संपला असता. तो मेला म्हणून मी तपासलं नाही, मी तपासलं नाही म्हणून ते बांधलं गेलं. ते बांधलं गेलं आणि मी त्यावर बसले होते, आणि आत्तापर्यंत मीसुद्धा गससारखी एस म्हणजे दक्षिणच धरून चालले होते.

मला रेइनोची आठवण आली. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा आली. छातीत दुखलं, चांगलं सणसणून दुखलं.

"लाइल," मी म्हटलं. "तो स्क्रू परत लाव."

लाइलने मान वर केली. "काय?"

"लाव परत. बाक हलवायचं नाही."

"आता काय झालं?" व्हर्ना म्हणाली. "आत्ता तर तू उचला म्हणालीस. वारा का आता?"

"वाराबिरा काही नाही. हे बुटक्या माणसांसाठी आहे."

व्हर्ना माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर माझ्या बुटांवर गेली आणि तिथेच थांबली. ही बाई जन्मात कुणाचं ऐकून घेत नाही, पण आंधळी नाही.

"गावात अशी कितीजणं असतील?" तिने विचारलं, पण आवाज उतरला होता.

"गावातलं मला माहीत नाही."

तिने टेप कोटाच्या खिशात टाकली. "पोरंटोरं बसतील म्हणा," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "त्यांचेही पाय पोचत नाहीत कुठे." आणि ती पडवी उतरून आपल्या गाडीकडे गेली.

लाइलने स्क्रू आवळला आणि तोही कुठे तरी आत निघून गेला. गस माझ्यासमोर उभा होता. त्याने एकदा नकाशा बघितला, एकदा मला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडत गेला.

"सिग्नी, मी ते... ते लाल नव्हतं का?"

"नव्हतं."

"अरे देवा. ते तुला लिहिलेलं होतं. आणि मी ते सगळ्या कंत्राटदारांना पाठवलं."

"बरं केलंस."

तो बाकाच्या कडेला बसला. त्याचे गुडघे हनुवटीपर्यंत आले, तो सव्वासहा फूट आहे. हसावं असं ते दृश्य होतं. मी हसले नाही, पण हसता आलं असतं असं मला वाटलं.

"मी ती ओळ दुरुस्त करून ठेवतो," तो म्हणाला. "शेवटची प्रत गावाच्या दप्तरात जाते. तिथे कायमची राहील. 'दक्षिण' असं पूर्ण लिहू? की काढूनच टाकू?"

"हात लावू नकोस. एस म्हणजे दक्षिण. कुणी विचारलं तर तेच सांगायचं." मी हात पुढे केला. "पिवळी पेन्सिल आहे का तुझ्याकडे?"

त्याने सगळे खिसे चाचपले, मग गाडीपर्यंत जाऊन आणली. बोटभर उरलेली होती. मी नकाशा मांडीवर नीट केला आणि रेइनोच्या त्या ओळीवरून, एसपासून शेवटच्या अक्षरापर्यंत, पिवळी रेघ ओढली. रेघ वाकडी आली. धुकं विरत चाललं होतं आणि पाणी दिसायला लागलं होतं.

गसने घड्याळ बघितलं.

"निघू या? तुझ्या बहिणीचा फोन येईल ना, घराच्या दलालाचं विचारायला."

"येऊ दे," मी म्हटलं. "जरा थांब. माझे पाय टेकलेत."